मुंबई-कराचीचें अंतर

भूगोलाच्या तासास मुंबईपासून कराची किती दूर, असें विचारलें असतां आमचे विद्यार्थी नकाशावर पट्टी ठेवून बिनचूक सांगतात : आकाशमार्गानें सुमारें 880 किलोमीटर. विमानास वेळ किती लागेल, म्हणून पुढें विचारावें, तर चलाख मुलें लागलींच भागाकार करून दीड तास म्हणतात. गणित म्हणून उत्तर बरोबर आहे. प्रवास म्हणून चूक आहे. हा भेद शाळेंतच शिकविला जावा, असें आमचें स्पष्ट मत आहे.

दिनांक 15 ऑक्टोबर 1932 रोजीं जे. आर. डी. टाटा हे पस् मॉथ जातीचें एका इंजिनाचें चिमुकलें विमान घेऊन कराचीहून सकाळीं निघाले. बरोबर टपालाच्या पिशव्या. विमानांत रेडिओ नाहीं. अहमदाबादेस तेल घेण्यापुरते ते उतरले (हें तेल बैलगाडींतून आणलें होतें, असें सांगतात!) आणि त्याच दिवशीं दुपारीं जुहूच्या मैदानावर येऊन पोहोंचले. पुढें 1982 सालीं, वयाच्या 78 व्या वर्षीं, त्यांनीं हाच प्रवास पुन्हां केला. मध्यंतरीं फाळणी झाली होती, युद्धें झालीं होतीं. तरी त्या दिवसापुरती वाट मोकळी झाली.

आज विमानें कितीतरी वेगवान् झालीं आहेत, आणि मुंबईहून कराचीस जाणारा मनुष्य मात्र बहुधा दुबईसारख्या तिसऱ्याच ठिकाणीं जाऊन मग मागें वळतो. हा फेरा 3,000 किलोमीटरांहून अधिक भरतो. 2025 च्या एप्रिलांत तर दोन्ही देशांनीं एकमेकांच्या विमानांस आपलें आकाशच बंद केलें. उतरण्याचीं व थांबण्याचीं घटका-पळें मोजलीं, तर टाटांच्या त्या चिमुकल्या विमानानें आजच्या प्रवाशास सहज मागें टाकलें असतें. परवान्यासाठीं घालवावे लागणारे दिवस आम्ही यांत धरलेच नाहींत.

राज्यकर्त्यांस सीमेची काळजी वाहावी लागते, हें आम्ही जाणतों. ते निर्णय येथें तपासण्याचा आमचा अधिकार नाहीं. परंतु 1936 पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता, आणि कराचींतील एक जुनें हायस्कूल नारायण जगन्नाथ वैद्य या शिक्षणखात्यांतील अधिकाऱ्याचें नांव धारण करतें, हें मुलांस ठाऊक नसावें काय? आमच्या ख्रिस्ती समाजांतील, विशेषतः गोमंतकीय, कित्येक घराण्यांचे आप्त पोटापाण्यासाठीं तिकडे गेले व तेथेंच राहिले. इकडे माता मरण पावली असतां दीड तासावरचा पुत्र मातीस पोहोंचूं शकत नाहीं. तेव्हां त्या घरीं नकाशावरील पट्टीचा उपयोग काय?

म्हणून पालकांस आमची विनंति आहे कीं, अशा गांवीं आपले कोणी असल्यास त्यांचें नांव व शेवटच्या भेटीचें वर्ष मुलांस सांगावें. मुलांनीं तें नकाशावर अंतराच्या आंकड्याशेजारीं लिहून वर्गांत आणावें.