खांबाला धाव हवी

२६ जानेवारी २००१ रोजी भूकंपाने कच्छ हादरले आणि दोनशेहून अधिक किलोमीटर दूरच्या अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांतल्या अनेक इमारतींच्या तळाला मोटारींसाठी मोकळे सोडलेले नुसते खांब होते आणि वर भिंतींनी भरलेले मजले. मुंबई, ठाणे, पुण्यात आज असंख्य कुटुंबे अशाच खांबांच्या भरवशावर झोपतात. १९६७ चा कोयनेचा धक्का मुंबईलाही जाणवला होता, हे विसरता येणार नाही.

इमारत हेलकावते तेव्हा खांबाचे बाहेरचे काँक्रीट आधी उडते. मग सारी मदार सळयांना कवेत धरणाऱ्या रिंगांवर. रिंगेची टोके १३५ अंशांत वळवून गाभ्यात रोवलेली असतील तर ती टिकते. काटकोनात वळवून सोडलेले टोक मात्र उघडते, सळया बाहेर फाकतात, गाभ्याचा भुगा होतो. भारतीय मानक १३९२० ने हा बाक १९९३ मध्येच सांगितला. त्याआधीच्या इमारतींचे काय?

त्यांच्यासाठी उपाय आहे. इपॉक्सीत भिजवलेले कार्बन किंवा काचतंतूंचे कापड खांबाभोवती आडवे गुंडाळायचे. बैलगाडीच्या चाकाला धाव चढवतात, तसेच हे. फरक इतकाच की, धाव निवताना आवळते आणि हे कापड काँक्रीट फुगू लागले की ताणले जाऊन त्याला फुटू देत नाही. खांब फारसा जाड होत नाही, बहुतेक वेळा घरही रिकामे करावे लागत नाही. १९९५ च्या कोबे भूकंपानंतर जपानने पुलांच्या खांबांसाठी ही पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली.

पण हे रंगाऱ्याचे काम नव्हे. चौकोनी खांबाचे कोपरे आधी गोल करावे लागतात, नाहीतर कापड तिथेच फाटते. आत सळया गंजलेल्या असतील तर त्या दुरुस्त केल्याशिवाय कापड चढवणे म्हणजे दुखणे झाकणे. इपॉक्सी आगीत टिकत नाही, म्हणून वर अग्निरोधक थर हवा. तळमजला फारच कमकुवत असेल तर काँक्रीटच्या भिंतीही घालाव्या लागतील.

मुंबईत ३० वर्षांवरच्या इमारतींची संरचनात्मक तपासणी बंधनकारक आहे. त्या तपासणीत पार्किंगमधल्या निवडक खांबांचे काँक्रीट वरच्या आणि खालच्या टोकाशी खरवडून रिंगा मोजाव्यात, त्यांचे बाक पाहावेत आणि अहवालात लिहावेत. मजबुतीकरणासाठी सरकारने सोसायट्यांना स्वस्त कर्ज द्यावे. आणि सोसायट्यांनी येत्या सर्वसाधारण सभेत रंगकामाच्या आधी हा विषय घ्यावा.