पांढरी तीन, पांढरी सहा...

गिटार मुंबई-पुण्याच्या मुलांनी वाजवावी, महाड-पोलादपूरच्या मुलांनी फार तर ती गळ्यात अडकवून फोटो काढून घ्यावा, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. गिटारच्या दांडीवर स्वर कोठे आहेत हे कळण्यासाठी लागणारे निम्मे ज्ञान आपल्या गावोगावच्या भजनी मंडळांत आधीपासूनच आहे. आपण त्याला ज्ञान म्हणत नाही, एवढेच.

शिकणाऱ्याची अडचण खरी आहे. पेटीवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या डोळ्यांना दिसतात. गिटारची दांडी मात्र सगळीकडे सारखीच. सहा तारा आणि आडवे पडदे! मग मोबाइलवरच्या आकृत्या पाहून बोटे कोठे ठेवायची तेवढे आपण पाठ करतो. हे गाईडमधली उत्तरे घोकण्यासारखेच झाले. गाणाऱ्याने पट्टी बदलली की बोटे अडतात, कारण बोटाखाली कोणता स्वर आहे हे ठाऊकच नसते.

त्यातून पुस्तकात ई, ए, डी, जी, बी, ई अशी इंग्रजी अक्षरे. पदवीच्या वर्गात बसणारी मी घरातली पहिलीच. अशा अक्षरांनी धीर कसा सुटतो हे मला ठाऊक आहे. पण गावच्या बुवांनी 'पांढरी चार' म्हटले की पेटीवाल्याचे बोट न पाहता तेथे जाते. तीच भाषा गिटारला लावून पाहा. जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत मोकळ्या तारा अशा: पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच, पांढरी सात आणि पुन्हा पांढरी तीन.

एक पडदा पुढे म्हणजे पेटीवरची लगतची पट्टी, काळी धरून. जाड तारेच्या पहिल्या पडद्यावर पांढरी चार, कारण तीन आणि चार यांच्यामध्ये काळी नाही. दुसऱ्यावर काळी तीन, तिसऱ्यावर पांढरी पाच, चौथ्यावर काळी चार आणि पाचव्यावर पांढरी सहा, म्हणजे पुढची मोकळी तार! पुढेही असेच, अपवाद एकच. पांढरी पाचच्या तारेवर चौथ्याच पडद्याला पांढरी सात मिळते. बाराव्या पडद्यावर तार बरोबर निम्मी होते आणि तोच स्वर वरच्या सप्तकात येतो. तार ६५ सेंटिमीटरची असेल तर हा पडदा ३२.५ सेंटिमीटरवर असतो. फूटपट्टी लावून पाहावे.

सा कोठेही धरा. त्याच तारेवर रे, ग, म, प, ध, नी हे शुद्ध स्वर अनुक्रमे २, ४, ५, ७, ९ आणि ११ पडदे पुढे असतात. पट्टी बदलली तरी ही अंतरे बदलत नाहीत.

मात्र पेटीपेक्षा एक गोष्ट वेगळी आहे. येथे एकच सूर अनेक ठिकाणी सापडतो. बारीक तारेची मोकळी पांढरी तीन तिच्या शेजारच्या तारेवर पाचव्या, त्यापुढच्या तारेवर नवव्या आणि तिच्यापुढच्या तारेवर चौदाव्या पडद्यावर मिळते. म्हणून रोज एकच स्वर घ्यावा, सहाही तारांवर शोधावा, नाव घेऊन वाजवावा आणि गळ्यातूनही काढावा. काही दिवसांत दांडी कोरी दिसेनाशी होते.

कोणी म्हणेल, देवळातल्या पेटीचे या परक्या वाद्याशी नाते कशाला जोडता? पण पेटी तरी कोठली? हार्मोनियमचे पेटंट १८४२ साली पॅरिसमध्ये घेतले गेले. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तिच्यावर बंदीही घातली होती. तरीही आज तिच्यावाचून आपले भजन उभे राहत नाही. वाद्य कोठून आले यापेक्षा ते आपल्या भाषेत कोणी समजावले, याला महत्त्व आहे.

म्हणून माझी सूचना साधी आहे. पुढच्या स्नेहसंमेलनाच्या तालमीत गिटारवाल्याने पेटीवाल्याच्या शेजारी बसावे आणि दोघांनी एकमेकांना स्वरांची नावे विचारावीत. ज्याला पांढरी चार कळते त्याला गिटार कळणार नाही, असे कोणी म्हणू नये. निदान आपण तरी म्हणू नये.