जंगल गावाच्या हाती आलं, पण 'मामा तलावां'चं काय?

डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना एक काम दिलं. इस्रोच्या उपग्रह नकाशात देशभरात सव्वादोन हेक्टरपेक्षा मोठ्या २ लाख ३१ हजार १९५ पाणथळ जागा दिसतात. त्यांची प्रत्यक्ष जागेवर जाऊन पडताळणी करा आणि हद्दी आखा, तीन महिन्यांत. वाचायला बरं वाटतं. पण पूर्व विदर्भातल्या हजारो तलावांना या सगळ्याचा किती उपयोग होणार, हा प्रश्नच आहे. कारण उपग्रहाला जो तलाव दिसतो, तो नियमाला दिसेलच असं नाही.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत असे साडेसहा हजारांहून जास्त तलाव आहेत. सरकारी कागदात त्यांचं नाव 'माजी मालगुजारी तलाव'. त्याचं झालं 'मा. मा. तलाव' आणि लोकांच्या तोंडी 'मामा तलाव'. (कुणाच्या मामाशी त्याचा संबंध नाही.)

हे तलाव आले कुठून?

गोंड राजांच्या काळात जंगल साफ करून जो तलाव बांधेल त्याला जमीन, असं धोरण होतं असं सांगितलं जातं. तलाव बांधण्यात कोहळी समाजाचा हात धरणारं कुणी नव्हतं. उतारावर मातीची पाळ घालायची, वरच्या जंगलातून येणारं पाणी अडवायचं आणि खाली धान पिकवायचं. पुढे गावाचा सारा गोळा करणारे मालगुजार आले, तलाव त्यांच्या ताब्यात गेले. वरचं जंगल तलावाला पाणी देतं, तलाव धानाला पाणी देतो आणि तलावात ढिवर समाज मासे धरतो, अशी ही साखळी होती.

१९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली. जुलमी पद्धत गेली ते चांगलंच झालं. पण तलाव सरकारजमा झाले आणि पाळ दुरुस्त करणारं, गाळ काढणारं, पाणी वाटून देणारं गावातलं कुणी राहिलं नाही. आज बहुतेक लहान तलाव जिल्हा परिषदेकडे आहेत. त्यांच्या फाइलमध्ये तलाव म्हणजे सिंचनाची एक रचना: इतकं पाणी, इतके हेक्टर ओलित.

नियमाला तलाव का दिसत नाही?

केंद्र सरकारचे पाणथळ जागांबाबतचे नियम २०१७ चे आहेत. त्यातल्या व्याख्येतून काही गोष्टी वगळल्या आहेत. सिंचनासाठी खास बांधलेल्या रचना त्यात येतात. याचा सरळ अर्थ लावला तर मामा तलाव बाहेर पडतो. दोन-तीनशे वर्षं जुना असला, त्यात कमळं, शिंगाडे आणि देवधान उगवत असलं, हिवाळ्यात परदेशी बदकं उतरत असली, तरी. गोंदियातला दुर्मीळ सारस याच तलावांवर आणि आसपासच्या धानशेतीवर जगतो. त्याला वाचवण्याचा विषय उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून हाती घेतला होता. पक्ष्यासाठी न्यायालय आहे, पण त्याच्या घराची व्याख्याच धड नाही.

जंगलाच्या बाबतीत काय वेगळं झालं?

याच पट्ट्यात जंगलाची गोष्ट वेगळ्या वळणाने गेली. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला सामूहिक वनसंपत्तीचं रक्षण आणि व्यवस्थापन करायचा हक्क दिला. गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचं गाव असा हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी एक. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर त्यांचा हक्क मान्य झाला.

पण कागद हातात आला म्हणजे बांबू विकता आला असं नाही. बांबू बाहेर न्यायला वाहतूक परवाना लागतो आणि तो देणार वनविभाग. बांबू गौण वनोपज आहे असं कायदा स्पष्ट म्हणत असतानाही दोन वर्षं गेली. अखेर एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. त्यानंतर बांबू कधी तोडायचा, किती ठेवायचा, मजुरी किती द्यायची हे गाव ठरवू लागलं. त्या पुस्तकाशिवाय वनहक्क म्हणजे भिंतीवर लावायचं प्रमाणपत्रच राहिलं असतं.

हातात सत्ता आली की गाव जंगल ओरबाडेल, अशी भीती तेव्हा बोलून दाखवली जायची. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने त्याला परस्पर उत्तर दिलं. तिथल्या ग्रामसभेने तेंदूपानं तोडणंच बंद केलं. पानांसाठी झाडं छाटली जातात, चांगली पालवी यावी म्हणून आगी लावल्या जातात, हे त्यांना दिसत होतं. उन्हाळ्यातलं हमखास रोख उत्पन्न सोडून त्यांनी बांबूवर भर दिला.

मग तलावात हे का होत नाही?

होतं, पण कायद्याच्या आधाराशिवाय. गोंदियाच्या अर्जुनी मोरगाव भागात मनीष राजनकर आणि त्यांचं भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ ढिवर समाजासोबत अनेक वर्षं काम करतंय. सुरुवात ढिवरांच्याच तक्रारीपासून झाली: तलावात पाणी आहे, पण मासे नाहीत.

कारणं एकात एक अडकलेली होती. काठावर बेशरमाची झुडपं माजली होती. रोहू, कटला, मृगळ या मोठ्या माशांचं बीज सोडायची पद्धत रुजली होती. हे मासे वाढतात झटपट, पण साचलेल्या पाण्यात आपणहून अंडी घालत नाहीत, म्हणजे दरवर्षी बीज विकत घ्या. मरळ, शिंगी, मागूर हे स्थानिक मासे तलावातच पिल्लं देतात. मात्र त्यांना लपायला, खायला पाणवनस्पती लागतात आणि त्याच नाहीशा झाल्या होत्या.

कोणती वनस्पती कुठल्या खोलीवर उगवते आणि तिच्या आडोशाला कोणता मासा राहतो, हे जुन्या ढिवरांना तोंडपाठ होतं. तेच ज्ञान कामी आलं. बेशरम उपटलं, उन्हाळ्यात कोरडा पडलेला भाग नांगरला, पावसाळ्यात हायड्रिला, व्हॅलिस्नेरियासारख्या वनस्पती आणून लावल्या, स्थानिक मासे सोडले. बायका या कामात पुढे होत्या. बाजारात मासे त्याच विकतात, त्यामुळे टोपली रिकामी राहिली की आधी त्यांनाच कळतं. ज्या तलावांत हे झालं, तिथे वनस्पती परतल्या, मासे वाढले, मागोमाग पक्षीही आले.

आता अडचण. ढिवरांच्या सहकारी संस्थेकडे असतो तो फक्त मासेमारीचा ठेका. धानाला पाणी सोडताना तलावात माशांपुरतं किती ठेवायचं, यात त्यांना मत नाही. पोटात अतिक्रमण करून कुणी धान लावलं तर ते अडवायचा अधिकार नाही. आणि गाळ काढायची योजना आली की जेसीबी येतो. गाळ काढायला हवाच, शेताला तो सोन्यासारखा असतो. पण सरसकट खरवडलं, काठाचा हळुवार उतार तोडून सरळ खड्डा केला, की वनस्पतींची मुळं आणि बिया ट्रॉलीत बसून निघून जातात. तीन वर्षांची लागवड दोन दिवसांत संपते, तीही 'जलसंधारण' या नावाखाली.

यातून वाट आहे का?

एक आहे, अर्धीमुर्धी. वनहक्क कायद्याचं कलम ३(१)(घ) पाणवठ्यातल्या माशांवरचा सामूहिक हक्क मान्य करतं. म्हणजे जो तलाव वनजमिनीवर आहे, त्यावर दावा करता येतो. पण ढिवर अनुसूचित जमातीत नाहीत, भटक्या जमातींत आहेत. त्यामुळे त्यांना 'इतर पारंपरिक वननिवासी' म्हणून तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास सिद्ध करावा लागतो. ज्यांच्या नावावर कधी सातबाराच नव्हता, त्यांनी हा पुरावा आणायचा कुठून? आणि जे तलाव महसुली जमिनीवर आहेत, त्यांना हे कलम लागूच होत नाही.

त्यामुळे पडताळणीचा अहवाल बाहेर येईल तेव्हा पूर्व विदर्भाच्या यादीत दोन रकाने बघायला हवेत: किती मामा तलाव मोजले गेले, आणि 'सिंचन रचना' असा शेरा मारून किती वगळले गेले.