कर्ज देणाऱ्याची कसोटी

रमजानचा दुसरा आठवडा लागला की व्यापारी घरांत तरावीहनंतर वह्या उघडल्या जातात. सोने किती, रोख किती, दुकानातला माल किती, याची बेरीज होते आणि त्यावर अडीच टक्के जकात काढली जाते. या हिशेबात एका रकान्यापाशी पेन थबकते. लोकांकडून येणे असलेल्या पैशांचा तो रकाना. जी उधारी परत मिळण्याची खात्री आहे, ती मालमत्तेत धरावी लागते. त्यामुळे वर्षातून एकदा तरी देणाऱ्याला प्रत्येक नावापुढे थांबून विचार करावा लागतो. हा माणूस देऊ शकतो का? देत नसेल तर का देत नाही? आणि त्या काळात आपण त्याच्याशी कसे वागलो?

कर्ज देणे हा जगातला फार जुना धंदा आहे आणि बदनामही तितकाच. पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात 12 मे 1875 रोजी शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने गाठली, तेव्हा त्यांचा मुख्य रोख कर्जरोख्यांच्या कागदांवर होता. ते कागद त्यांनी जाळले. सावकाराकडे भांडवल होते, हिशेब होता, मागे कायदाही होता. समोरच्याचा विश्वास मात्र उरला नव्हता. उद्योग आणि नेतृत्व यांचे धडे शोधायचे असतील तर या धंद्याइतकी कडक शाळा दुसरी नाही. इथे माल म्हणजे पैसा आणि तो परत येतो की नाही, हे माणूस ओळखण्यावर ठरते.

या शाळेत आयुष्य घालवलेल्या आपल्या उपखंडातल्या दोघांकडे पाहण्यासारखे आहे. पहिले बांगलादेशचे मुहम्मद युनूस. चितगाव विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवणारे हे प्राध्यापक 1974 च्या दुष्काळाने अस्वस्थ झाले आणि विद्यापीठाशेजारच्या जोब्रा गावात फिरू लागले. तिथे बांबूची मोडे विणणारी एक बाई त्यांना भेटली. बांबूसाठी लागणारे पाच टाका तिच्याजवळ नव्हते. ते व्यापारी द्यायचा आणि तयार माल त्यालाच, त्याच्याच भावाने विकावा लागायचा. दिवसभर राबून तिच्या हाती पन्नास पैसे उरत. अशा लोकांची यादी केली तेव्हा 42 नावे निघाली आणि सगळ्यांची मिळून गरज भरली 856 टाका. युनूस यांनी ती रक्कम खिशातून दिली.

पहिला धडा इथेच आहे. त्यांनी आधी योजना आखून मग माणसे शोधली नाहीत. आधी माणसांत बसून त्यांची गरज पैशा-पैशाने मोजली. बँकेकडे गेल्यावर उत्तर मिळाले की गरिबांकडे तारण नाही. तेव्हा ते स्वतः जामीन राहिले. नेतृत्व म्हणजे काय, याची याहून सोपी व्याख्या सापडणार नाही. दुसऱ्यावर विश्वास ठेवा असे सांगणाऱ्याने आधी स्वतःची सही करावी लागते. 1983 मध्ये ग्रामीण बँक कायद्याने स्वतंत्र बँक झाली. बँकेचा माणूस गावात जाऊ लागला, पाच-पाच जणींचे गट झाले, आठवड्याचा छोटा हप्ता ठरला. 2006 साली युनूस आणि बँक यांना मिळून शांततेचे नोबेल मिळाले.

पण गौरवापेक्षा अडचणीचा काळ जास्त शिकवतो. 1998 च्या महापुरात बांगलादेशचा मोठा भाग पाण्याखाली गेला. घरे, जनावरे, माल वाहून गेला आणि हप्ते थकले. तोवर अभिमानाने मिरवलेली ठरावीक हप्त्याची शिस्तच गळ्याशी आली. तेव्हा बँकेने आपली पद्धत बदलली. अडचणीतल्या कर्जदाराला मुदत वाढवून लहान हप्ते बांधून देण्याची सोय झाली. पुढे भिकाऱ्यांसाठीही बिनव्याजी कर्ज सुरू झाले, म्हणजे दारोदार फिरताना त्यांनी सोबत चार वस्तू विकायला ठेवाव्यात. स्वतः घडवलेला आणि जगाने वाखाणलेला नियम चुकतो आहे, हे मान्य करून तो मोडायला जिगर लागते.

या वाटचालीला काळी बाजूही आहे. ग्रामीण बँकेचे नेहमीचे कर्ज व्याजाचेच आहे आणि तिची नक्कल करणाऱ्या अनेकांनी व्याज तेवढे उचलले, माणुसकी मागे ठेवली. आंध्र प्रदेशात एकाच बाईला चार-चार कंपन्यांनी कर्जे दिली आणि वसुलीसाठी दारात माणसे बसवली. आत्महत्यांच्या बातम्या आल्या आणि ऑक्टोबर 2010 मध्ये सरकारला वटहुकूम काढावा लागला. त्यानंतर तिथली वसुली जवळजवळ ठप्प झाली. वाढ, वाढ आणि फक्त वाढ हे ध्येय ठेवणाऱ्या उद्योगाचा शेवट कसा होतो, ते या एका राज्यात दिसले. पुढच्याच वर्षी, 2011 मध्ये, वयाची मर्यादा ओलांडल्याच्या कारणावरून युनूस यांना बँकेतून बाहेर पडावे लागले. त्या निर्णयामागे राजकारण होते असे अनेकांचे मत आहे. तरी एक प्रश्न उरतोच. सत्तरीपर्यंत खुर्ची सांभाळणाऱ्या संस्थापकाने आपल्यामागून येणाऱ्याला वेळेत पुढे का आणू नये?

दुसरे नाव लाहोरच्या डॉ. अमजद साकिब यांचे. शिक्षणाने डॉक्टर, नोकरीने सनदी अधिकारी. 2001 मध्ये त्यांनी मित्रांसोबत 'अखुवत' ही संस्था सुरू केली. अखुवत म्हणजे बंधुत्व. मक्केहून सर्वस्व सोडून आलेल्या मुहाजिरांना मदिनेच्या अन्सारांनी आपल्या घरादारात वाटा दिला, त्या भाईचाऱ्याची आठवण या नावात आहे. पहिले कर्ज दहा हजार रुपयांचे होते आणि ते एका विधवेला दिले गेले. तिने ते फेडले आणि त्याच पैशातून पुढच्या गरजूची सोय झाली. व्याज नाही, कारण हे कर्जे-हसना, म्हणजे फक्त मुद्दल परत घ्यायचे कर्ज.

व्याज नाही तर संस्था चालते कशी? अखुवतने खर्चालाच हात घातला. आलिशान कार्यालयांऐवजी साध्या खोल्या आणि जमिनीवरची बैठक. कर्जवाटप मशिदीत आणि चर्चमध्येही, सगळ्यांसमक्ष. देवाच्या घरात, शेजाऱ्यांच्या साक्षीने घेतलेले पैसे बुडवणे माणसाला जड जाते. शिवाय स्वतःच्या पायावर उभे राहिलेल्या कर्जदाराला दानपेटीत काहीतरी टाकायला सांगितले जाते. कालचा घेणारा आज देणारा होतो आणि त्याची मान ताठ राहते. साकिब यांना 2021 मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. अर्थात या रचनेलाही मर्यादा आहे. देणग्या आणि सरकारी निधी यांच्यावर ती बरीच अवलंबून आहे. दानाचा ओघ आटला तर कर्जाचाही आटेल.

या दोन वाटांपैकी कोणती बरी, यावर वाद घालता येईल. पण धर्माचे नाव लावले की धंदा आपोआप स्वच्छ होतो, असे समजण्याची चूक तरी कोणी करू नये. 2019 मध्ये बंगळुरूच्या आयएमए कंपनीने हा धडा फार महाग शिकवला. व्याज नाही, हलाल नफा आहे, असे सांगून हजारो मुस्लीम कुटुंबांची बचत गोळा केली गेली. त्यात मुलींच्या लग्नांचे पैसे होते, निवृत्तीची पुंजी होती. मग एक दिवस कार्यालयाला कुलूप लागले. लोकांनी दाढी आणि भाषण पाहिले, ताळेबंद पाहिला नाही.

वास्तविक कुरआनातली सर्वांत लांब आयत नमाज किंवा रोजाबद्दल नाही, ती उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. साक्षीदार ठेवा, रक्कम छोटी म्हणून लिहायचा कंटाळा करू नका, असे ती बजावते. तिच्या अगदी जवळच, अडचणीतल्या कर्जदाराला हात मोकळा होईपर्यंत सवलत देण्याची आणि शक्य असेल तर सोडून देण्याची शिकवण आहे. पक्का हिशेब आणि मऊ काळीज या दोन गोष्टी एकत्रच सांगितल्या आहेत. पहिली नसेल तर आयएमए होते, दुसरी नसेल तर सुपे होते.

आपल्या गल्ल्यांमध्ये आज काय चालले आहे? ईदच्या तोंडावर शिलाई मशीनवर, चुडीच्या दुकानावर, फळांच्या गाडीवर पोट असलेल्या बायका-पुरुषांना माल भरायला पैसे लागतात. कोणी भिशी उचलते, कोणी आठवड्याच्या हप्त्याचे कर्ज घेते, कोणी परवाना नसलेल्या सावकाराच्या दारी जाते. त्याच गल्लीत लाखोंची जकात निघते आणि साड्या, रेशन किटमध्ये वाटली जाते. किट महिनाभर पुरते. माल भरायला मिळालेले दहा हजार रुपये एखाद्याला पुढच्या रमजानला जकात देणारा करू शकतात.

यासाठी मशीद कमिट्यांनी आणि तरुण व्यावसायिकांनी पुढे यायला हवे. जकात ही गरिबाची मालकी असते. ती परत मागायची नसते, म्हणून कर्जाचा निधी सदका आणि देणग्यांतून वेगळा उभा करावा. जकातीच्या आठ हक्कदारांत कर्जात बुडालेलेही आहेत, त्यांची सुटका मात्र जकातीतून करता येते. लोकांच्या ठेवी घ्यायच्या असतील तर सहकार कायद्याखाली रीतसर पतसंस्था नोंदवावी. कर्ज लहान द्यावे, काम पाहून द्यावे, लिहून द्यावे. कर्जदाराचा धर्म आणि जात विचारू नये. दरवर्षी ईदच्या आधी ताळेबंद मशिदीच्या फलकावर लावावा आणि दर काही वर्षांनी कारभारी बदलावेत. वसुलीला जाणाऱ्याने आधी खुशाली विचारावी, मग हप्ता.

ईदच्या सकाळी ईदगाहवर देणेकरी आणि घेणेकरी एकाच सफमध्ये खांद्याला खांदा लावून उभे राहतात. ज्याच्याकडे आपले पैसे अडकले आहेत, तो आपल्याला पाहून लांबची सफ शोधतो का, हे त्या सकाळी कळते. नमाजनंतर तो स्वतःहून गळाभेटीला आला, तर वहीतला तो रकाना नीट लिहिला गेला असे समजावे.