वर घर, खाली दुकान आणि मधला जिना

छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात ३ एप्रिल २०२४ च्या पहाटे कपडे शिवण्याच्या एका दुकानाला आग लागली. दुकान तळमजल्यावर होते आणि माणसे वर राहत होती. एकाच कुटुंबातल्या सात जणांचा त्यात मृत्यू झाला. पोलिसांनी त्याच दिवशी जे सांगितले ते नीट ऐकण्यासारखे आहे: ज्वाळा त्यांच्या मजल्यापर्यंत पोहोचल्याच नव्हत्या, ती माणसे धुराने गुदमरून गेली. त्याच वर्षी ६ ऑक्टोबरला चेंबूरच्या सिद्धार्थ कॉलनीत, पुन्हा पहाटेच, तळमजल्यावरच्या दुकानातली आग वर चढली आणि एकाच घरातले सात जण दगावले. त्याआधी ३० ऑगस्ट २०२३ रोजी चिंचवडजवळच्या पूर्णानगरात हार्डवेअरच्या दुकानातच झोपलेले आई, वडील आणि त्यांची दोन मुले गेली. १८ मे २०२५ रोजी सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरील एका टॉवेल कारखान्यात आठ जण गेले. त्यात कारखान्याच्या आवारातच राहणारे मालकाचे कुटुंब होते. शहरे वेगळी, धंदे वेगळे. पण वेळ प्रत्येक वेळी पहाटेची होती, माणसे झोपेत होती, माल आणि संसार एका छताखाली होते आणि सुटायची वाट आगीने किंवा धुराने अडवलेली होती.

या चार घटना पेण आणि रोह्याच्या वाचकांपुढे ठेवण्याचे कारण उघड आहे. असे घर आपल्याकडे गल्लोगल्ली आहे. पेण शहरात आणि हमरापूर, जोहे या पट्ट्यात गणपतीचा कारखाना आणि राहते घर यांच्यात बहुधा एका भिंतीचे अंतर असते, कित्येकदा तेवढेही नसते. आषाढ-श्रावणात तिथे काय काय साठलेले असते ते पाहावे: रंगांचे डबे, थिनरचे कॅन, प्लॅस्टरमध्ये घालायचा काथ्या, बांधणीसाठी आणलेला पेंढा आणि पुठ्ठे, पावसाचे पाणी अडवायला चारी बाजूंनी ताणलेले प्लॅस्टिकचे कागद, आणि त्यांतून ओढलेल्या वायरींवर रात्री उशिरापर्यंत चालणारे कॉम्प्रेसर, पंखे आणि दिवे. त्याच्या वरच्या किंवा मागच्या खोलीत मुले झोपलेली असतात. रोह्याच्या बाजारपेठेत खाली कापड, किराणा, रंग किंवा प्लॅस्टिकचे दुकान आणि वर बिऱ्हाड ही रचना पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. जिना एकच आणि त्याच्याखालची जागा रिकामी राहू नये म्हणून तिथे खोकी रचलेली, मीटर लावलेले, दुचाकी उभी केलेली. याला निष्काळजीपणा म्हणून मोकळे होण्यात अर्थ नाही. जागा महाग आहे आणि हंगाम थोडा आहे, म्हणून हे होते. पण जिन्याखाली पेटलेल्या खोक्यांना ही कारणे कळत नाहीत.

आपण आग म्हटली की ज्वाळा डोळ्यांसमोर आणतो आणि घरातल्या आगीत माणूस भाजून मरतो असे धरून चालतो. बऱ्याचदा तो भाजण्याच्या कितीतरी आधी गेलेला असतो. अर्धवट जळणाऱ्या वस्तूंतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटीने घट्ट चिकटतो. माणूस श्वास घेत राहतो, पण शरीराला प्राणवायू मिळत नाही. पाय लुळे पडतात, विचार सुचेनासा होतो, दाराची कडी हाताला लागूनही उघडता येत नाही. सोफ्याचा आणि गादीचा फोम जळला की त्यातून हायड्रोजन सायनाइडही निघतो. त्यात झोपेत माणसाची वासाची जाण फार मंदावते. धुराच्या वासाने जाग येईल हा भरवसा खोटा आहे. धूर तापलेला असल्याने वर चढतो आणि त्याला वर जायला जिन्यासारखी दुसरी सोयीची जागा नाही. खाली आग लागली की घराचा एकुलता एक जिना धुराड्याचे काम करू लागतो. ६ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे गोरेगावच्या सात मजली जय भवानी इमारतीत हेच झाले. आग खाली पार्किंगमधल्या कापडाच्या गाठोड्यांना लागली होती, माणसे वरच्या मजल्यांवर गुदमरली.

यातला वेळेचा हिशेब सर्वांत महत्त्वाचा आहे. अमेरिकेतल्या अंडररायटर्स लॅबोरेटरीज या संस्थेने सारख्याच दोन खोल्या जाळून पाहिल्या. एकीत जुन्या पद्धतीचे लाकूड, कापूस, लोकर यांचे सामान होते, दुसरीत आजचे फोम, पॉलिस्टर आणि प्लॅस्टिक. जुनी खोली पूर्ण पेटायला अर्ध्या तासाच्या जवळपास वेळ लागला, नवी पाच मिनिटांच्या आत पेटली. आपल्या आजोबांच्या काळातले कापसाच्या गाद्यांचे घर आणि आजचे फोमच्या सोफ्याचे घर यांतही असाच फरक पडलेला आहे. म्हणून माझे म्हणणे असे की आगीतून सुटका होणार की नाही हे बंब ठरवत नाही. ते आग लागण्याच्या कित्येक महिने आधी, गवंडी जिना कुठे काढतो आणि फॅब्रिकेटर खिडकीला ग्रील कशी बसवतो, तेव्हाच ठरून जाते. नगरपरिषदेचा बंब कितीही तत्पर असला तरी फोन लागणे, गाडी निघणे, बाजारपेठेच्या अरुंद रस्त्यातल्या हातगाड्या आणि दुचाक्या हटवणे यात जाणारी मिनिटे झोपलेल्या माणसाकडे नसतात. अधिक बंब हवेत, अधिक माणसे हवीत, यात वाद नाही. पण तेवढीच मागणी करत राहिलो तर आपण आग विझवण्याची सोय मागत राहू आणि माणूस वाचवण्याची सोय राहूनच जाईल.

कोकणातली घरे हवेशीर असतात, इथे मुंबईची धास्ती कशाला, असे कुणी म्हणेल. जुन्या घरांबद्दल ते बरेचसे खरे होते. ओटी, माजघर, स्वयंपाकघर आणि शेवटी परसात उघडणारे मागील दार, अशा सरळ रेषेतल्या घराला बाहेर पडायच्या दोन वाटा मुळातच होत्या. चुलीचा धूर कौलांच्या फटींतून निघून जाई, तसा आगीचा धूरही काही काळ वर अडकून न राहता बाहेर पडे. वासे आणि भिंतीतले लाकूड पेटले की ते घरही वाचत नसे, पण घरातली माणसे मागच्या दाराने विहिरीकडे पळू शकत. आपण ते पाडून स्लॅबचे घर बांधले. स्लॅबमधून धूर जात नाही. मागच्या बाजूला शेजाऱ्याची भिंत आली, परसदार गेले. सरकत्या काचेच्या खिडक्या आल्या, त्यांना बाहेरून अखंड लोखंडी ग्रील आली, आणि गॅलरीही पत्र्यापर्यंत जाळीने बंद झाली. नव्या घराने पावसापासून आणि वाळवीपासून सोडवले हे खरे, पण त्याने मागील दार काढून घेतले त्याची भरपाई कुणी केली नाही. ती करणे हाच माझ्या म्हणण्याचा गाभा आहे: वर बिऱ्हाड आणि खाली माल असलेल्या प्रत्येक घराला जिन्याखेरीज बाहेर पडायची दुसरी वाट असलीच पाहिजे.

यावर पहिला आक्षेप चोराचा येतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ग्रील लोकांनी हौसेने बसवलेली नाही. पण चोर अडवायला ग्रील अखंडच असावी लागते असे नाही. एका खिडकीच्या ग्रीलमध्ये माणूस बाहेर पडू शकेल एवढी बिजागरीची झडप ठेवायची, तिला आतून कडी किंवा कुलूप लावायचे आणि किल्ली त्याच खिडकीशेजारी, बाहेरून हात पोहोचणार नाही पण घरातल्या मुलाचा पोहोचेल अशा खिळ्याला अडकवायची. पेणच्या कुठल्याही फॅब्रिकेशनच्या दुकानात हे काम एका दिवसात होते. झडपेखाली शेजारचा पत्रा, सज्जा किंवा गच्ची नसेल तर लोखंडी शिडी कायमची बसवता येते. शटरच्या आत झोपणाऱ्या कामगारांसाठी शटरला लहान दरवाजा हवा आणि तो आतून किल्लीशिवाय उघडायला हवा. बाहेरून कुलूप लावून माणसे आत झोपवण्याची पद्धत तर ताबडतोब बंद झाली पाहिजे. त्यात सोय-गैरसोय तोलत बसण्यासारखे काहीच नाही.

दुसरी गोष्ट धुराची सूचना देणाऱ्या यंत्राची. बॅटरीवर चालणारा स्मोक अलार्म आज हजार-दीड हजार रुपयांच्या आसपास मिळतो. जपानने २००६ पासून नव्या घरांना आणि पुढच्या पाच वर्षांत जुन्या घरांनाही तो सक्तीचा केला. अमेरिकेत घरांना लागलेल्या आगींचा हिशेब पाहिला तर चालू स्थितीतला अलार्म असलेल्या घरांत मृत्यूचे प्रमाण निम्म्याहून खाली येते. आपल्याकडे फोडणी दिली की तो बोंबलेल आणि चार दिवसांत कुणीतरी बॅटरी काढून टाकेल, हा आक्षेप रास्त आहे. त्याला उत्तर जागेचे आहे. अलार्म स्वयंपाकघरात आणि देवघराच्या उदबत्तीवर लावायचाच नाही. तो जिन्याच्या वरच्या टोकाला, झोपायच्या खोल्यांबाहेर छताला लावायचा. खालच्या दुकानात किंवा कारखान्यात दुसरा लावून दोन्ही एकमेकांना जोडता आले तर उत्तमच, म्हणजे खाली धूर झाला की वर जाग येईल. वर मांडलेल्या पहाटेच्या घटनांत लोकांकडे नेमका हाच वेळ नव्हता.

आणि तरीही माणूस अडकलाच तर काय करावे, याबद्दल आपल्यात ऐकीव समजुती फार आहेत. ऑगस्ट २०१८ मध्ये परळच्या क्रिस्टल टॉवरला आग लागली तेव्हा दहा वर्षांच्या एका मुलीने शेजाऱ्यांना कापड ओले करून नाकातोंडावर धरायला लावले होते. शाळेत शिकलेली गोष्ट तिला ऐन वेळी आठवली, आणि तिला राष्ट्रीय शौर्य पुरस्कार मिळाला तो योग्यच होता. मात्र यातून ओले फडके बांधले की धुरात थांबता येते असा अर्थ काढू नये. ओले कापड काजळी आणि उष्णता काही प्रमाणात अडवते, कार्बन मोनॉक्साइडला ते अजिबात अडवत नाही. म्हणून ते बाहेर पडण्याच्या काही क्षणांपुरते आहे. धूर वर साठतो, जमिनीलगतची हवा त्यामानाने बरी असते, म्हणून रांगत, भिंतीला हात लावून दाराकडे जायचे. बंद दार उघडण्याआधी हाताची मागची बाजू त्याला लावून पाहायची. दार तापलेले असेल किंवा पलीकडे जिना धुराने भरलेला असेल तर त्या जिन्यात उतरायचे नाही. दार लावून घ्यायचे, खालच्या फटीत ओली चादर किंवा टॉवेल दाबून बसवायचा, रस्त्याकडची खिडकी उघडायची, १०१ किंवा ११२ ला फोन करून आपण कितव्या मजल्यावर, कोणत्या बाजूच्या खोलीत आहोत ते सांगायचे आणि कापड हलवत राहायचे. खिडकीतूनही धूर आत येऊ लागला तर ती लावून घ्यायची.

या सगळ्यात बंद दाराला मी सर्वांत वरचे स्थान देईन. अशाच एका प्रयोगात आगीच्या घरातली उघड्या दाराची खोली पाचशे अंश सेल्सिअसच्या वर तापली, तर त्याच घरातली बंद दाराची खोली चाळीसच्या आत राहिली. रात्री झोपताना खोलीचे आणि जिन्याचे दार लावून घेण्याला एक पैसा लागत नाही. उकाड्यात दार बंद करणे कोकणात जड जाते हे मान्य. निदान जिन्याचे दार तरी लावावे. लपायला मात्र कुठेही जाऊ नये. २९ डिसेंबर २०१७ च्या कमला मिल आगीत चौदा जण गेले, त्यांतले बरेच जण स्वच्छतागृहात सापडले. पाणी आहे म्हणून ती जागा सुरक्षित वाटते, पण तिला सहसा धड खिडकी नसते. आणि घाईने बाहेर लोंबकळूही नये. ऑक्टोबर २०२१ मध्ये करी रोडच्या अविघ्न पार्कमध्ये एकोणिसाव्या मजल्यावरून लोंबकळलेला सुरक्षारक्षक हात सुटून पडला आणि गेला.

रोह्याला हे शिकवणे अवघड जाऊ नये. धाटावच्या रासायनिक कारखान्यांत काम करणाऱ्या माणसांना भोंगा वाजला की कुठे जमायचे, वारा कुठल्या दिशेने आहे ते कसे पाहायचे, याचे मॉक ड्रिल ठरावीक काळाने करावेच लागते. तोच कामगार पाळी संपवून घरी येतो, तेव्हा त्याच्या मुलांना घराबाहेर पडायची दुसरी वाट ठाऊक नसते, कारण ती नसतेच. कारखान्यांच्या सुरक्षा अधिकाऱ्यांनी वर्षातून एकदा शाळांमध्ये आणि बाजारपेठेत हाच सराव करून घेतला तर त्यांना फार वेळ मोडावा लागणार नाही.

बाकीचे काम नगरपरिषदांचे आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ आला, तेव्हापासून मोठ्या इमारतींच्या प्रमाणपत्रांची चर्चा होते. दुकानावरच्या बिऱ्हाडाकडे कुणी पाहत नाही. इथे नोटिसा धाडून भागणार नाही, कारण नोटीस ज्याला जाईल त्याच्याकडे दुसरा जिना बांधायला ना जागा असेल ना पैसा. पण खाली दुकान आणि वर घर अशा नव्या बांधकामाला भोगवटा प्रमाणपत्र देताना दुसरी वाट तपासता येते. जुन्या घरात उघडणारी ग्रील आणि अलार्म बसवणाऱ्याला घरपट्टीत एका वर्षाची सूट देता येते. त्या सुटीने नगरपरिषद बुडणार नाही. पेणच्या मूर्तिकारांच्या संघटनांनी स्वतःहून एवढे ठरवावे की हंगामात थिनर आणि पेंढा राहत्या जिन्याखाली ठेवायचा नाही आणि कारखान्यात कुणी झोपणार असेल तर आतून उघडणारे दार असल्याशिवाय झोपायचे नाही. पुढच्या हंगामाची पहिली मूर्ती साच्यातून निघण्याआधी दोन्ही नगरपरिषदांनी आपल्या सभेत हा विषय घ्यावा, आणि तुमच्या प्रभागाचा नगरसेवक तो घेतो की नाही हे तुम्ही त्याला विचारावे.