‘मी ठीक आहे’ म्हणण्यापूर्वी

नाताळच्या सुट्टीत गुलमर्गला जाण्याचा बेत अलीकडे कोल्हापुरातील अनेक घरांत आखला जातो. नातवंडांना स्कीइंग शिकायचे असते, मुलासुनांना बर्फ पाहायचा असतो आणि आजी-आजोबांपुढे प्रश्न उभा राहतो : आपण जावे की घर सांभाळावे? प्रकृती स्थिर असेल आणि डॉक्टरांची संमती असेल, तर अवश्य जावे. मात्र उबदार कपड्यांबरोबर आणखी एक गोष्ट न्यावी, ती म्हणजे खरे सांगण्याची तयारी.

आमच्या परिचयातील एक आजोबा रोज पहाटे रंकाळ्यावर फिरतात. गेल्या हिवाळ्यात ते कुटुंबासह श्रीनगरला उतरले आणि मुक्काम न करता थेट गुलमर्गला गेले. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांचे डोके ठणकू लागले, मळमळू लागले. ‘माझ्यामुळे मुलांचा बेत बिघडायला नको’ या विचाराने ते गप्प राहिले आणि सर्वांबरोबर गोंडोल्यात बसले. वर पोहोचल्यावर त्यांचे पाऊल अडखळू लागले. नातीच्या ते वेळीच लक्षात आले. तिने त्यांना तातडीने खाली आणून डॉक्टरांकडे नेले, म्हणून निभावले.

रोज चालणाऱ्या माणसाला असे का व्हावे? कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे. पन्हाळाही हजार मीटरच्या आतच. गुलमर्ग मात्र सुमारे २,६५० मीटरवर आहे. तेथील गोंडोल्याचा पहिला टप्पा सुमारे ३,०५० मीटरवर कोंगडूरीला, तर दुसरा ३,९०० मीटरच्याही वर अफरवाट डोंगरावर नेतो. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण तीन-पंचमांश असतो आणि प्रत्येक श्वासाबरोबर मिळणारा प्राणवायूही त्याच प्रमाणात घटतो. रंकाळ्याच्या फेऱ्यांनी पाय कणखर होतात. विरळ हवेची सवय मात्र हळूहळू वर चढत, तिथे राहूनच होते.

म्हणून सुमारे १,६०० मीटरवरील श्रीनगरला आधी दोन रात्री मुक्काम करावा. गुलमर्गचा पहिला दिवस विश्रांतीचा ठेवावा आणि ज्येष्ठांनी गोंडोल्याचा दुसरा टप्पा सोडून द्यावा. हृदयविकार, दमा किंवा रक्तदाब असणाऱ्यांनी तिकिटे काढण्यापूर्वीच डॉक्टरांना भेटावे. औषधांच्या मात्रेत स्वतःहून बदल करू नये. गोठलेले इन्सुलिन निरुपयोगी ठरते, म्हणून ते कपड्यांच्या आतल्या खिशात ठेवावे. थंडीत तहान जाणवत नाही, तरी थोडे थोडे पाणी पीत राहावे. पाण्यावर बंधन असणाऱ्यांनी प्रमाण डॉक्टरांना विचारून घ्यावे. मद्य आणि झोपेच्या गोळ्या टाळाव्यात. बर्फावरून परावर्तित होणारे ऊन डोळ्यांना बाधते, तेव्हा अतिनील किरण अडवणारा गॉगल हवाच. बंद खोलीत कांगडी पेटती ठेवून झोपू नये. तिचा विषारी वायू वासाने कळत नाही.

स्कीइंगचे काय? गुडघे, हाडे आणि तोल चांगला असेल, तर हेल्मेट घालून, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, अगदी सौम्य उतारावर साठीनंतरही त्याचा आनंद घेता येतो. त्यासाठी सहा-आठ आठवडे आधीपासून हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठणे आणि स्वयंपाकघरातील ओट्याला धरून एका पायावर उभे राहणे असा सराव करावा. हाडे ठिसूळ असणाऱ्यांनी, चक्कर येणाऱ्यांनी किंवा रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी या मोहात पडू नये. उन्हात बसून कहवा घेत नातवाचे पडणे-उठणे पाहणे, हादेखील सहलीतला पूर्ण वाटा आहे.

आता सोबत असणाऱ्यांसाठी. ‘बरे आहे ना?’ या प्रश्नातच त्याचे उत्तर दडलेले असते. वडीलधारी माणसे ‘हो’च म्हणतात. त्याऐवजी रोज सकाळी विचारावे : रात्री झोप लागली का? डोके दुखते का? न्याहारी गेली का? एकही तक्रार असेल, तर त्या दिवशी आणखी वर नेऊ नये. बसल्या जागी धाप लागली, बोलण्यात गोंधळ जाणवला किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर सकाळची वाट न पाहता कमी उंचीवर आणावे आणि वैद्यकीय मदत घ्यावी.

आणखी एक गोष्ट घरातूनच ठरवून निघावे : कोणत्या दिवशी खाली कोण थांबणार. पाळी आधीच लावलेली असली, म्हणजे कुणासाठी कुणाला थांबावे लागले, असे होत नाही. त्या आजोबांच्या घरी यंदा पुन्हा गुलमर्गचा बेत आहे. पाळ्यांचा कागद नातीने लिहिला आहे आणि पहिल्या दिवसापुढे तिचेच नाव आहे. आजोबांनी मात्र तिला एक शब्द दिला आहे : डोके दुखले, तर या खेपेला ते सांगणार आहेत.