इकडचे की तिकडचे?

मागच्या महिन्यात पुण्याची भाची चार दिवस राहायला आली होती. रात्री जेवणं झाल्यावर तिने मोबाईलवर इटलीच्या सहलीचे फोटो दाखवले. अमाल्फी नावाचं समुद्रकाठचं गाव, तिथलं उंच पायऱ्यांचं चर्च आणि अकराव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलहून आलेले त्याचे काशाचे दरवाजे. शेवटी म्हणाली, "मामा, बीदरला असं काही नाही ना? समुद्रच नाही!"

मी म्हटलं, "समुद्र नाही, पण समुद्रावरून आलेला माणूस आहे. उद्या लवकर ऊठ."

सकाळी चौबाऱ्यावरून किल्ल्याकडे निघालो आणि वाटेत महमूद गवानच्या मदरशापाशी थांबलो. खरं सांगतो, शाळेत असताना या भिंतीजवळून रोज गेलो, पण आत शिरून नीट पाहिलं नव्हतं.

गवान इराणच्या गिलान प्रांतातला. 1453 साली व्यापारासाठी दाभोळ बंदरात उतरला, तिथून बीदरला आला आणि पुढे बहामनी राज्याचा वजीर झाला. 1472 साली त्याने हा तीन मजली मदरसा बांधला. वर्ग, ग्रंथालय, मशीद, विद्यार्थ्यांना राहायला खोल्या, सगळं एकाच इमारतीत. त्याच सुमारास निकितीन नावाचा रशियन व्यापारी चौलला उतरून जुन्नरमार्गे बीदरला आला होता. म्हणजे कोकणच्या बंदरांवरून जग थेट आपल्या गावात येत होतं! पुढे औरंगजेबाच्या काळात इथे ठेवलेल्या दारूगोळ्याचा स्फोट झाला. समोरच्या दोन मिनारांपैकी एकच उरला. त्याच्यावरच्या निळ्या फरशा अजून उन्हात चमकतात.

"मग गवानचं काय झालं?" भाचीने विचारलं.

दरबारात तेव्हा दोन तट होते. इथले जुने ते दखनी आणि बाहेरून आलेले ते आफाकी. गवानने दोघांनाही सारखा वाटा देण्याचा प्रयत्न केला. विरोधकांनी त्याच्या शिक्क्याचं खोटं पत्र तयार केलं आणि सुलतानाने चौकशी न करता 1481 साली त्याचा शिरच्छेद करवला. पुढे राज्याची पाच शकलं झाली.

मी थोडा वेळ गप्प राहिलो. इकडचा की तिकडचा, हा प्रश्न आपल्याला नवा नाही. पुण्यात गेलो की "तुम्ही कर्नाटकातले ना?" आणि इथे "तुम्ही मराठी ना?" लहानपणी या प्रश्नाचा मला राग यायचा.

संध्याकाळी अष्टूरला बहामनी सुलतानांच्या घुमटांकडे गेलो. अहमदशाह वलीच्या घुमटात भिंती आणि छत रंगांनी भरलेलं आहे. काही हिंदू भक्त त्याला अल्लमप्रभू मानतात. उरुसाला कलबुर्गी जिल्ह्यातून जंगम येतात आणि मानाने पुढे असतात. तिथे उभं असताना भाचीला दामाजीपंतांची गोष्ट सांगितली. दुष्काळात मंगळवेढ्याचं सरकारी कोठार लोकांसाठी खुलं केलं म्हणून त्यांना बादशहाचं बोलावणं आलं, आणि विठू महाराच्या रूपात विठोबाने पैसे भरले. आजीकडून तिने ही गोष्ट ऐकली होती. पण तो बादशहा बीदरचा, हे तिला माहीत नव्हतं.

"म्हणजे विठोबा पण इथे येऊन गेला?" ती हसली.

"हो, आणि त्याला कुणी विचारलं नाही, तू इकडचा की तिकडचा."

मुलांनो, इटलीला जरूर जा. पण त्याआधी एक रविवार काढा. सकाळी मदरसा, दुपारपर्यंत किल्ला, उन्हं कलली की अष्टूर. जाताना आजी-आजोबांना सोबत घ्या. फलकावर नसलेल्या गोष्टी त्यांच्याकडे आहेत. आणि पुढच्या वेळी कुणी "तुम्ही कुठले?" असं विचारलं, तर न अडखळता सांगा, "बीदरचे!"